आमचं गाव नेमकं कोणाचं? (बूथवरच्या वहीतून)

घेवडा_कोरेगाव (धागाकर्ता)

परवा पुण्याहून मेव्हण्याचा फोन. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाला, "दाजी, तुमचं गाव आता कोणाचं?" मी म्हटलं, कुठल्या इलेक्शनचं विचारतोस ते आधी सांग. तो हसला. त्याला वाटलं दाजी टाळतायत. टाळत नव्हतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

गाव कोरेगाव तालुक्यातलं, जिल्हा सातारा. नाव लिहीत नाही, उद्या सकाळी पारावर माझीच हजेरी लागेल. आलं, घेवडा, थोडा ऊस. गावठाणात एक बूथ आणि वरच्या वाडीच्या शाळेत दुसरा. २००४ पासून मी आत एजंट म्हणून बसतोय. मधल्या काळात पक्ष बदलले (मी नाही, आमच्या नेत्यांनी), खुर्ची तीच राहिली. सकाळी साडेपाचला मॉक पोल, पन्नास मतं टाकायची, चिठ्ठ्या जुळवायच्या, मशीन रिकामं करून सील. संध्याकाळी १७-क नमुन्याची (बूथवर एकूण किती मतं पडली त्याच्या हिशेबाची) प्रत घ्यायची, घरी येऊन एका वहीत उतरवायची. मोजणीच्या दिवशी टेबलावरचे आकडे त्याच वहीत, शेजारच्या रकान्यात. बायको म्हणते, एवढी नीट दुधाची वही ठेवली असती तर डेअरीवाल्याशी भांडण झालं नसतं.

वही चाळताना एक गोष्ट दिसते. बाहेरच्यांना वाटतं खेड्यात भावकी मत देते. देते की. ग्रामपंचायतीला. तिथे पक्षाचं चिन्हच नसतं, कपबशी, शिट्टी, नारळ असली चिन्हं. आमच्याकडे पॅनेल म्हणजे दोन आळ्या आणि एक जुना बांधाचा वाद. राज्यातलं सरकार कोणाचं याचा काडीचा संबंध नाही.

सोसायटीला मात्र भावकी निम्मी बाजूला पडते. मार्चएंडला पीककर्ज नवं-जुनं करायचं असतं, आणि सेक्रेटरीनं कागद कधी हलवायचा ते चेअरमनच्या तोंडाकडे बघून ठरतं. सख्खा चुलता विरोधी पॅनेलमध्ये उभा असला तरी माणूस त्याला वाड्यात "तुम्हालाच" म्हणतो आणि आत जाऊन कर्जाला मत देतो. कारखान्याच्या इलेक्शनला तोडीची टोळी वेळेवर येईल का, एवढा एकच जाहीरनामा.

आणि आता २०१९. एप्रिलच्या लोकसभेला उदयनराजे घड्याळावर सव्वा लाखाच्या वर मतांनी निवडून आले. सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. २१ ऑक्टोबरला लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी, एकाच खोलीत दोन मशीनं. तीन दिवस आधी साताऱ्यात पवारसाहेबांची ती पावसातली सभा झालेली. निकाल? श्रीनिवास पाटील सुमारे ८७ हजारांनी आले. आणि त्याच लोकांनी, त्याच दिवशी, दोन पावलं पुढं जाऊन दुसऱ्या मशीनवर काय केलं? सातारा लोकसभेतल्या सहा विधानसभांपैकी तीन आघाडीला, तीन युतीला. आमच्या कोरेगावात तर राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे पडले आणि शिवसेनेचे महेश शिंदे आले. दोन पुठ्ठ्यांच्या आडोशात मिळून मिनिटभर लागत नाही. तेवढ्यात माणूस दोन वेगळे हिशेब करून बाहेर येतो आणि बोटाची शाई फुंकत विचारतो, "चहा कुठाय?"

म्हणून मेव्हण्याला सांगितलं, गाव पेटीपेटीला वेगळं असतं बाबा. तुमच्याकडे काय आहे? ऐकीव नको, बघितलेलं लिहा.

आकडेमोड

२०१९ चं उदाहरण फर्मास आहे. असा नैसर्गिक प्रयोग क्वचित मिळतो. पण तुम्ही २०२४ गाळलंत की! ७ मेचं मतदान, पिपाणी?

घेवडा_कोरेगाव

गाळलं नाही, दुखतं म्हणून मागं ठेवलं होतं. शशिकांत शिंदेंचं चिन्ह "तुतारी वाजवणारा माणूस". मशीनवर खाली एक अपक्ष, त्याचं चिन्ह नुसतं वाद्य, म्हणजे तुमची पिपाणी. उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि त्या अपक्षाला पडली ३७,०६२. ती सगळी चुकून पडली असं मी म्हणणार नाही. पण आमच्या गावात त्या अपक्षाचा ना कार्यकर्ता, ना गाडी, ना एक पत्रक, आणि टेबलावर त्याच्या नावापुढं आमच्या दोन्ही बूथवर दोन आकडी मतं. आदल्या रात्री मी स्वतः म्हाताऱ्यांना सांगत फिरलो होतो, "तुतारी दिसली की दाबा." तुतारी दिसली, त्यांनी दाबली. माणूस बघा, असं सांगायला हवं होतं.

याच नेत्याची दुसरी गंमत बघा. नोव्हेंबर २०२१, जिल्हा बँक, जावळीचा सोसायटी गट. २५ विरुद्ध २४. एका मतानं गेले. तिथे मतदार म्हणजे प्रत्येक सोसायटीनं ठराव करून पाठवलेला एकेक माणूस. एका बाजूला एकूण एक मतदार नावानिशी, घरच्या पाहुण्यांसकट माहीत आणि तरी अंदाज चुकला. दुसऱ्या बाजूला लाखोंची गर्दी आणि गणित बिघडवलं एका वाजंत्र्यानं.

केजचा_पाहुणा

दादा, लेख छान. पण एक शब्द एवढ्या लांबलचक पोस्टीत एकदाही आला नाही. जात. पश्चिम महाराष्ट्रात "भावकी" म्हणून भागतं, कारण दोन्ही पॅनेलला माणसं बहुतेक एकाच जातीची. आमच्या बीडमध्ये या, मग सांगा पेटीपेटीला वेगळं असतं म्हणून.

२०२४ च्या लोकसभेला आमच्या गावात वही लागलीच नाही. कोणत्या गल्लीचं मत कुठं, हे महिनाभर आधी दुकानांवरून कळत होतं. माझे वडील ज्या टपरीवर तीस वर्षं चहा पीत होते ती बदलली. दाढी करायचं दुकान बदललं. कोणी कोणाला काही बोललं नाही, नुसतं जाणं थांबलं. निकालाच्या रात्री उशिरापर्यंत धाकधूक, शेवटी बजरंग सोनवणे ६,५५३ नी आले, पंकजाताई पडल्या. एवढ्या मोठ्या मतदारसंघात साडेसहा हजार. म्हणजे प्रत्येक बूथवर दोनचार मतांचाच खेळ.

मग विधानसभा. अर्ज माघारीच्या शेवटच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, जरांगे पाटलांनी उमेदवार देणार नाही म्हणून सांगितलं. आमच्या पारावर दोन दिवस नुसती शांतता. कोणाला द्यायचं हे सांगणारं वरून कोणीच नाही म्हटल्यावर जो तो आपापल्या जुन्या गटात परत गेला. वडील मात्र जुन्या टपरीवर अजून गेलेले नाहीत.

घेवडा_कोरेगाव

पाहुणे, बरोबर बोललात. आमच्या गावात जात नाही असं नाही. वरच्या वाडीतला बूथ वेगळा का आहे हे मी लिहिलं नाही, कारण लिहायला जड जातं. त्या वाडीची एक वेगळी कथा आहे, रात्री टाकतो.

सासुरवाशीण

पुरुषमंडळींचं चालू द्या. मी एवढंच विचारते की घेवडादादांच्या वहीत "बायका" असा रकाना आहे का?

आमच्या घरात आठ मतं. माझे सासरे नेत्याला सांगताना "आमची आठ" असंच सांगतात, जशी आठ पोती ज्वारी. मतदानाच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांना बटण सांगतात. वरून कितवं. पक्षबिक्ष नाही, "वरून तिसरं". सासूबाई मान डोलावतात. मीही डोलावते.

मग बायकांची रांग. ती पुरुषांच्या रांगेपेक्षा हळू सरकते, कारण कडेवर पोरं असतात. गेल्या विधानसभेला त्या रांगेत एकच विषय. तुझे जमा झाले का, माझं आधार लिंक नव्हतं, मला तीन हप्ते एकदम आले. महिन्याचे पंधराशे. माझ्या पुढची बाई म्हणाली, "लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या नावावर पहिल्यांदा काही आलं." टीव्हीवर लोक म्हणतात बायका पैशाला विकल्या गेल्या. काहींनी त्या सरकारला दिलं, काहींनी पैसे घेऊनही दिलं नाही, मला दोन्ही प्रकारच्या माहीत आहेत. पण ती बाई "माझ्या नावावर" म्हणताना जशी बोलली तसं मी तिला आधी बोलताना ऐकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर सासूबाईंना विचारलं, दाबलं का तिसरं? त्या म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या पिशवीत होता.

आकडेमोड

ताई, सलाम. निवडणूक शास्त्रात या चष्म्यासाठी अजून रकाना नाही.

घेवडा_कोरेगाव

ताई, रकाना नाही. १७-क मध्ये नुसता एकूण आकडा. वेगळी नोंद केंद्राध्यक्षाकडं असते, मी ती कधी मागितलीच नाही. हे तुम्ही विचारेपर्यंत सुचलंही नव्हतं.

चाकरमानी_तिसरी_पिढी

कोकणातून लिहितोय (म्हणजे डोंबिवलीतून). आमच्याकडे गावात राहतात म्हातारे आणि कुलपं. वाडीचा निर्णय मुंबईतल्या मंडळात होतो. गणपतीला गावकीची मीटिंग, त्यात शिमग्याच्या पालखीचा मान, पाखाडीची वर्गणी आणि जाता जाता इलेक्शन. जो उमेदवार देवळाच्या सभामंडपाचा पत्रा देतो त्याला "वाडी देऊ" असा शब्द. शब्द दिला की मोडायचा नाही, कारण तो देवासमोर दिलेला.

२०२४ ची लोकसभा मे महिन्यात पडली. पोरांना सुट्टी, आंबे उतरवायला लोक आलेलेच. त्यामुळे गाड्या भरून आणायचा खर्च वाचला असं एक कार्यकर्ता खुशीत सांगत होता. विधानसभा पडली नोव्हेंबरात, भातकापणी उरकलेली, कोणाला रजा नाही, तेव्हा तोच रडत होता. आमचा कल वगैरे काही नाही हो, आमचं वेळापत्रक आहे.

कांदा_चाळ

देवळाचा विषय निघालाच आहे तर आमच्या देवळा तालुक्यातलं उमराणे आठवा. २०२१ च्या ग्रामपंचायतीच्या वेळी सरपंचपदाची बोली लागली, २ कोटी ५ लाख, पैसे मंदिरासाठी. व्हिडिओ फिरला आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली, सोबत नंदुरबारच्या खोंडामळीचीही. पेपरवाले महिनाभर आमच्यावर हसले. पण "बिनविरोध गाव" म्हणून ज्यांचे सत्कार होतात त्यातली किती गावं अशीच बंद खोलीत ठरतात, ते पण बघा. उमराण्यानं फक्त माईक चालू ठेवला.

पेडण्याचो

देव बरें करूं. गोव्यातून दोन ओळी. तुमच्याकडे आमदार लाखांत मोजतात. आमचे साधारण साडेअकरा लाख मतदार आणि आमदार ४०. म्हणजे एका मतदारसंघात एकोणतीस-तीस हजार माणसं, तुमच्या एका जिल्हा परिषद गटाएवढी. २०२२ ला सांत आंद्रेत निकाल लागला ७६ मतांनी. त्यामुळे इथला आमदार बारशाला, मयताला, नारळ पाडायला, सगळीकडे स्वतः हजर. "माझं काम केलंन" हाच इथला पक्ष. म्हणून तो पक्ष बदलतो तेव्हा बाहेरच्यांना जेवढा राग येतो तेवढा वाड्यावरच्यांना येत नाही. मत पक्षाला दिलेलंच नसतं. माझे काका तर म्हणतात, आमदार सत्तेत गेला नाही तर माझी नोकरीची फाईल कोण बघणार? (फाईल मुलाची. मुलगा आता चाळिशीला आला.)

माळशिरस_एक्स्प्रेस

मारकडवाडीचा विषय कोणीच काढला नाही, आश्चर्य आहे. आमच्याच तालुक्यातलं गाव.

नोव्हेंबर २०२४. माळशिरसमधून उत्तम जानकर १३ हजारांवर मतांनी निवडून आले. पण मारकडवाडीत त्यांना ८४३ आणि भाजपच्या राम सातपुतेंना १,००३. गावातल्या जानकर गटाचं म्हणणं, हे होऊच शकत नाही, आमच्या गावातून इतकी वर्षं आम्हालाच लीड आहे. म्हणून ३ डिसेंबरला स्वखर्चानं मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचं ठरलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, गुन्हे नोंदले गेले, मतदान झालं नाही. पुढच्या आठवड्यात दोन्हीकडच्या मोठ्या नेत्यांच्या सभा त्या छोट्या गावात.

ईव्हीएमवर इथे भांडायचं नाही मला, त्याचे दुसरे धागे आहेत. मला वेगळंच खटकलं. ते मतदान झालं असतं तर कसं झालं असतं? बाहेर कॅमेरे, शेजारी गटाचा माणूस, आणि ज्या १,००३ लोकांनी दुसरीकडं दिलं त्यांनी गावासमोर येऊन कागदावर शिक्का मारायचा? कोण आलं असतं? "आमचं गाव आमचंच" याची एवढी खात्री असलेल्या माणसाला आपल्याच गल्लीत कोणीतरी गप्प बसून वेगळं वागलं, हे मशीन बिघडण्यापेक्षा अवघड वाटतं.

केजचा_पाहुणा

अर्धं पटलं. पण शंका घेणाऱ्या गावाला जमावबंदीनं उत्तर मिळालं, तेही बरोबर नव्हतं. घेऊ द्यायचं होतं. कायदेशीर किंमत शून्यच होती ना त्याची?

माळशिरस_एक्स्प्रेस

किंमत शून्य कशी? दुसऱ्या दिवशी गावात कोण कोणाचं हे जाहीर झालं असतं. गावात त्यालाच किंमत असते.

आकडेमोड

इथे मूळ मुद्दा येतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक ठिकाणी मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळत असत. तिथे गावाचा वेगळा आकडा निघत नसे. मशीन आलं आणि प्रत्येक यंत्राचा निकाल सुटा वाचला जाऊ लागला. आता तर नमुना २०, म्हणजे बूथवार निकालाचा तक्ता, संकेतस्थळावर पडतो, घरबसल्या कोणत्याही शाळेच्या खोलीतली मतं बघा. निवडणूक आयोगानं २००८ मध्ये टोटलायझर सुचवलं होतं, चौदा केंद्रांची यंत्रं जोडून एकच बेरीज दाखवणारं. २०१५ मध्ये विधी आयोगानं २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. सरकारनं मान्य केलं नाही. एक कारण असं की बूथवार आकडे असले तर पक्षांना कुठे काम करायचं ते कळतं.

कुठे काम करायचं ते कळतं, तसं कुठे करायचं नाही तेही कळतं.

घेवडा_कोरेगाव

हाच धागा धरून वाडीचं लिहितो. वर्ष आणि निवडणूक सांगत नाही.

वाडीतला बूथ लहान, चारेकशे मतं. आमच्या नेत्यानं वर शब्द दिला होता, "वाडी शंभर टक्के." मी टेबलावर बसून आकडे उतरवत होतो. विरोधी उमेदवार, वाडी: ११. बाकी गावात आम्हाला चांगलं लीड होतं, गुलाल आमचाच होता. पण ट्रॅक्टरवर उभं राहून नेत्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "ते अकरा कोण?"

माझ्याच यादीची प्रत मागवली. कोण आलं, कोण नाही, कोणाच्या नावापुढं टिक. देवळाच्या ओसरीवर चार माणसं कंदिलासारखी त्या यादीवर वाकली. या घरात पाच मतं, पण म्हातारी आजारी. त्या घराचा जावई तिकडचा. असं करत करत दोन घरं "सापडली". त्या साली नळाची पाइपलाइन वाडीत गेली आणि त्या दोन घरांच्या अलीकडं थांबली. पाइप संपला म्हणे. पुढची पावणेदोन वर्षं त्या घरातल्या बायका शेजारून हंडे भरत होत्या.

केजच्या पाहुण्यांना सांगतो, ती दोन्ही घरं कोणत्या समाजाची हे तुम्ही ओळखलं असेलच. अकरा मतं कोणाचीही असू शकत होती. संशय कोणावर घ्यायचा ते मात्र यादी उघडायच्या आधीच ठरलेलं होतं.

त्यानंतरच्या निवडणुकीला त्या वाडीत विरोधात पडली ४. लोक म्हणाले वाडी सुधारली. माझ्या वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत, ११ आणि ४. कोणी ती वही वाचून म्हणेल की कल बदलला.

सासुरवाशीण

तुमची यादी त्यांनी मागितली आणि तुम्ही दिलीत?

घेवडा_कोरेगाव

दिली.

सासुरवाशीण

बरं.

चाकरमानी_तिसरी_पिढी

ताई, घेवडादादांनी स्वतःहून लिहिलं हे तरी बघा. आमच्या मंडळात असलं कोणी तोंडावर कबूल करत नाही.

पेडण्याचो

नळ शेवटी आला का?

घेवडा_कोरेगाव

आला. मध्ये सरपंचपद महिला राखीव झालं. नेत्यानं स्वतःच्या भावजयीला उभं केलं, सही करणार ती आणि कारभार बघणार दीर, असा नेहमीचा बेत. थेट सरपंच असल्यामुळं ती सगळ्या गावाच्या मतावर निवडून आली, आणि सदस्य निम्म्यावर विरोधी पॅनेलचे. मासिक सभेत कोणताच ठराव दीर सांगेल तसा होईना. एका सभेत ती वहिनी पहिल्यांदा बोलली, म्हणाली पाइप राहिलाय तेवढा टाकून घेऊ, हातपाय तोंड कशानं धुवायचं त्या घरांनी? दोन्ही पॅनेलनी हात वर केले. ठरावाच्या खाली तिची सही आहे, वळणदार, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईची.

दीर त्यानंतर महिनाभर तिच्याशी बोलला नाही असं ऐकलं.

आकडेमोड

एक शेवटचं विचारतो. ते मूळचे अकरा. इतकी वर्षं झाली, तुम्हाला कधी कळलं का?

घेवडा_कोरेगाव

त्यातलं एक कळलंय. कोणाचं ते इथं लिहिणार नाही.

माळशिरस_एक्स्प्रेस

तुमचंच असणार राव!

घेवडा_कोरेगाव

माझं नाव गावठाणाच्या यादीत, वाडीच्या नाही. तेवढं तरी बघून आरोप करा. चला, या आठवड्यात लाईट पहाटे चारची आहे, आल्याला पाणी द्यायचंय.